रुमालाखाली चार बोटं

उन्हाळ्यात भोकरदनचा मोंढा ओस पडतो. माल येत नाही, हमाल पोत्यांवर पाय ताणून झोपतात आणि व्यापारी गादीवर बसून माशा मारतात. रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात ते उगीच नाही. अशाच एका उन्हाळ्यात गणिताच्या धम्मपाल सरांनी व्यापाऱ्यांच्या डोक्यात सिनेमाची लीग सोडली आणि तेव्हापासून या मोंढ्यात सोयाबीनच्या आधी सिनेमाचा सौदा होऊ लागला.

खेळ सोपा होता. हरेकाला शंभर गुण. त्या गुणांत दसऱ्यापर्यंत येणारे सिनेमे बोली लावून विकत घ्यायचे. मग सिनेमा लागला की देशभरात त्याची जी कमाई होईल ती ज्याची त्याच्या नावावर. ज्याची बेरीज सगळ्यात मोठी, त्याला वर्षभर अख्ख्या मोंढ्यानं शेठ म्हणायचं. ज्याची सगळ्यात लहान, तो लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाहेर. सिनेमाचं नाव कुणी घेत नसे, मालासारखी खूण सांगायची. ‘पोलीस तिसरा’, ‘हसरं भूत’, ‘घोडेवाला’. आणि बोली लावायची ती रुमालाखाली.

हे रुमालाचं खूळ रामप्रसादचं. रामप्रसाद म्हणजे मोंढ्यातला मोठा खरेदीदार. तो ज्या ढिगाला हात लावील त्याला चार गिऱ्हाइकं जास्त मिळायची. मोंढ्यात हर्रासी, म्हणजे मालाचा लिलाव, आता उघडी झाली, मोठ्यानं पुकारून होते. बैलबाजारात मात्र जुने लोक अजून रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. ती रीत मरू नये म्हणून लीगमध्ये तरी ठेवू, असं त्याचं म्हणणं. धम्मपाल सर मधे बसायचे, रुमाल अंथरायचे, एकेकानं खाली हात घालून त्यांची बोटं धरायची. ज्यानं जास्त धरली त्याचा सिनेमा. एकदा हात सुटला की सौदा बसला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही, असा नियम.

यंदा या पंगतीत अर्पिता येऊन बसली. अण्णासाहेबांची पोरगी, त्यांच्या अडत दुकानाचा सगळा हिशोब ती पाहायची, आणि सोयाबीन मुठीत धरून त्यात ओल किती ते सांगायची. तिला हर्रासी बोलायची होती. शेतकऱ्याच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारायचा होता. आजवर मोंढ्यात ते काम बाईनं केलं नव्हतं. का, असं विचारलं की लोक तंबाखू मळायला लागायचे.

वेळही तशीच आली होती. अण्णासाहेबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं ओरडायला साफ मनाई केली. ज्या आवाजावर दुकान उभं होतं तो आवाज बसला. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की हर्रासी आता पुतण्या कल्याण बोलणार. कल्याण पोरगा वाईट नव्हता. हसतमुख, बोलघेवडा, चार माणसांत उठून दिसणारा. अर्पितानं तरीही बापाला सरळ सांगितलं की मला बोलायचंय.

अण्णासाहेबांनी दोन दिवस विचार केला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हर्रासी गळ्यानं होत न्हाई, व्यापाऱ्यायच्या भरोशानं होती. लीगमधे बस त्यायच्या पंगतीत. शेवटी आली न्हाईस तर दसऱ्यापासून हर्रासी तुझी. शेवटी आलीस तर कल्याणची. मंग रडायचं न्हाई.”

अर्पितानं मान हलवली. बापाशी घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. एकदा भर हर्रासीत त्यांच्या तोंडून चुकीचा भाव निघाला होता, तर तो निभावायला त्यांनी त्या मौसमाची अडत घालवली पण शब्द बदलला नाही. पाऊस फिरेल पण अण्णासाहेब फिरणार नाहीत, असं मोंढ्यात म्हणायचे.

पहिल्याच दिवशी रुमालाचा घोळ झाला. तिची पाळी आली तसे धम्मपाल सर अवघडले, रुमालाखालचा हात आत-बाहेर करू लागले. परक्या बाईचा हात धरायचा कसा? बाकीचे छताकडे पाहू लागले. अर्पिता म्हणाली की सर, पाचवीत याच हातावर तुम्ही छड्या मारल्या, तेव्हा लाजला नव्हता. सगळे हसले आणि तिनं हात आत घातला.

बोली सुरू झाली. तिचा डोळा ‘पोलीस तिसऱ्या’वर होता. पण त्याच्या आधी निघाला ‘टेम्पोवाली’. नवऱ्यामागं टेम्पो चालवून घर सांभाळणाऱ्या बाईचा छोटा मराठी सिनेमा, नट नवे, गाजावाजा शून्य. पडला तर पडला, भरतीला असू द्या, म्हणून अर्पितानं चार गुण लावायचे ठरवलं. सरांची चार बोटं धरली आणि हात सोडला.

सरांचा चेहरा पडला. “चाळीस?” त्यांनी हळूच विचारलं.

घोटाळा असा की बापानं तिला लहानपणी मांडीवर बसवून बैलबाजाराची रीत शिकवली होती. तिथं हजारात की शंभरात ते आधी तोंडानं सांगतात, मग बोटं धरतात. तोंडानं काही सांगितलं नाही म्हणजे सुटे, असं तिनं धरलं. लीगमध्ये मात्र पहिली पकड दहाची, दुसरी सुट्याची, अशी रीत पडून गेली होती. सुटे चार सांगायचे तर आधी मोकळा तळवा दाबावा लागे. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

कल्याणही लीगमध्ये होता, तो तर हसून हसून गादीवर लोळला. रामप्रसादला मात्र दया आली. तो म्हणाला, “जाऊ द्या सर, पोरीची जात हाय, तिला काय ठाव. पुन्हा धरू द्या.”

अर्पितानं मनात हिशोब केला. चाळीस गुण त्या टेम्पोत गेले तर पोलीस हातातून गेलाच. पुन्हा हात घालणं सोपं होतं, सगळे राजीही होते. पण ‘पोरीची जात’ हे शब्द तिला झोंबले. आज यांनी सूट दिली की उद्या ढिगावर उभी राहिल्यावर प्रत्येक भावाला हे विचारणार, की पोरी, नक्की ना? तिला राग आला, आणि तो राग तिच्या कामाला आला.

“काका, बोटं माझी व्हती,” ती म्हणाली. “सर, चाळीस लिहा.”

पोलीस कल्याणनं घेतला. अर्पिताच्या वाट्याला उरलेसुरले दोन सिनेमे आले, त्यातला एक तर कुत्र्यावर होता. घरी आल्यावर ती न जेवता झोपली, आणि सकाळी उठली ती ठरवूनच उठली. पदरी पडलं पवित्र झालं. माल आपण घेतलाय ना, मग विकायचाही आपणच.

पावसाळ्यात ‘टेम्पोवाली’ लागला. जालन्याच्या एका टॉकीजमध्ये दुपारचा एकच खेळ मिळाला, तोही शुक्रवारी उतरवणार अशी बातमी होती. अर्पिता थेट रामप्रसादच्याच घरी गेली. त्याची बायको कौसल्याकाकू बचत गटाची अध्यक्ष होती. अर्पितानं सिनेमाचं कौतुक केलं नाही, कारण तिनं तो पाहिलाच नव्हता. खरं तेच सांगितलं की माझा माल अडलाय, उचलायला या. काकूंना हे बोलणं भारी आवडलं. आयुष्यभर नवऱ्याच्या तोंडून मालाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांना माल उचलायला पहिल्यांदाच कुणी बोलावत होतं.

जीप ठरवल्या, दशम्या बांधल्या आणि मोंढ्यातल्या निम्म्या घरांतल्या बाया जालन्याला गेल्या. सिनेमात ती बाई टेम्पो मागं घेताना थेट वरातीत घुसते, तिथं त्या एवढ्या हसल्या की टॉकीजवाला दार उघडून पाहून गेला. शेवटी शेवटी रडल्याही. परत आल्यावर कौसल्याकाकूंनी जेवण वाढता वाढता जाहीर केलं की त्या स्कुटी शिकणार. पुढच्या आठवड्यात हसनाबादच्या बाया गेल्या, मग राजूरच्या. टॉकीजवाल्यानं सिनेमा उतरवला नाही, उलट संध्याकाळचा खेळ वाढवला. अर्पिता दुकान सांभाळून गावोगाव फोन करत राहिली, घसा बसला तरी थांबली नाही.

याचा देशाच्या कमाईवर काय परिणाम होणार? दर्या में खसखस. एकट्या जालन्यानं सिनेमा तरत नसतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण मोंढा पाहत होता. व्यापाऱ्यांच्या घरोघरी टेम्पोवाली बोलली जात होती आणि जो तो म्हणत होता की चाळिसाचा भिकार माल घेऊन ही पोरगी अशी लढून राह्यली, तर चांगला माल दिला तर काय करंल!

तिकडं कल्याणचं वेगळंच चाललं होतं. त्याचं हसरं भूत दसऱ्यापुढं ढकललं गेलं, तर त्यानं गोड बोलून ते परत केलं आणि दुसरा सिनेमा घेतला. मग घोडेवाला पहिल्याच दिवशी आपटला, तर म्हणाला की मी तो घेतलाच नव्हता, सरांची बोटं ओळखण्यात चूक झाली. खेळ तर हाय, जाऊ द्या, म्हणून लोकांनी तेही चालवून घेतलं.

दसऱ्याच्या आधी धम्मपाल सरांनी बेरजा वाचून दाखवल्या. कल्याण पहिला. अर्पिता शेवटची, आणि थोडक्यात नव्हे, चांगलीच मागं. कुणी काढायच्या आधी तिनं स्वतःच ग्रुप सोडला, सगळ्यांना रामराम केला आणि घरी येऊन बापाला सांगितलं, “अण्णा, मी शेवटची आले. हर्रासी कल्याणदादाची.” ती रडली नाही, कारण तसं ठरलं होतं.

दसऱ्याला नवं सोयाबीन आलं. अण्णासाहेबांच्या दुकानापुढं ढीग पडले, पूजा झाली, नारळ फुटला. कल्याण नवा शर्ट घालून पहिल्या ढिगावर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्यानं भाव पुकारला. अर्पिता तराजूपाशी उभी होती. तिनं मनाशी ठरवलं होतं की तोंड वाकडं करायचं नाही, वजन चोख करायचं.

बोली आली नाही. कल्याणनं पुन्हा पुकारलं. रामप्रसाद हात पाठीमागं बांधून उभा, त्याच्याकडे पाहून बाकीचेही तसेच. ज्याचा माल होता तो म्हातारा शेतकरी घाबरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागला. अण्णासाहेबांनी रामप्रसादला हातानंच विचारलं की काय झालं?

“अण्णासाहेब, राग मानू नका,” रामप्रसाद म्हणाला. “कल्याणचे दोन सौदे आम्ही हसत हसत वापस घेतले. तिथं खेळ व्हता. इथं ह्या बाबाच्या सालभराचं पीक हाय. सकाळी पुकारलेला भाव दुपारी फिरला तर आम्ही कोणाचं तोंड धरायचं? तुमच्या पोरीनं चुकीची बोटंसुदीक निभावली. बोलायचं तर तिनं बोलावं.”

कल्याणची मान खाली गेली. तो ढिगावरून उतरला आणि बाजूला झाला. सगळ्यांच्या नजरा अर्पिताकडे वळल्या. हेच तर तिला हवं होतं, आणि हात पुढं केला की मिळत होतं. पण ती जागची हलली नाही.

“अण्णा, अट ठरल्ती,” ती म्हणाली. “मी शेवटची आले.”

अण्णासाहेब सावकाश पुढं आले, पोरीपाशी उभे राहिले. डॉक्टरनं मनाई केलेला तो आवाज त्यांनी सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल इतका चढवला, तो फाटला, तरी चढवला.

“अट माझी व्हती. सगळ्यायच्या समोर मी माझा शब्द फिरवून राह्यलो. पाप लागलं तर मला लागू द्या. तू बोल.”

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. अर्पितानं त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते घेतलं आणि ढिगाकडे बोट केलं. ती चढली. पायाखाली सोयाबीन सरकलं, तिनं तोल सावरला, मूठभर दाणे उचलून रामप्रसादच्या पुढं धरले आणि पहिला भाव पुकारला. रामप्रसादनं पाठीमागचे हात सोडले आणि त्यावर बोली चढवली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. खाली अण्णासाहेब डोळ्यांतलं पाणी न पुसता ताठ उभे होते. जन्मात पहिल्यांदा शब्द मोडलेला तो माणूस सगळ्या मोंढ्याकडे मान वर करून बघत होता.