काठावरच्या काचा

खाणीचा उतार मीच आखला. हिशेब अडतीस अंश सांगत होता, मी बेचाळीस घेतले. मधल्या मऊ थराची ताकद कागदावर जराशी वाढवली, की झालं. उतार उभा झाल्यानं कड पस्तीस मीटर खाणीकडेच राहिली आणि आमची आळी, पोचम्माच्या देवळासकट, वाचली. माती कमी काढावी लागणार म्हणून साहेबांनीही डोळे मिटून सही केली. त्या संध्याकाळी ताडी पिताना मी भावाला, बापूला, सगळं सांगून बसलो. शहाणाच मी!

बतुकम्माच्या सणाची फुलं तळ्यात सोडली त्याच आठवड्यात काठामागे भेग पडली. अशा भेगेवर आम्ही सिमेंटनं काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवतो. जमीन हलली की काच तुटते. त्या काचा बघून वहीत लिहायचं काम बापूकडे होतं. तीन आठवडे तो ‘शाबूत’ लिहीत होता. मला तेच हवं होतं, म्हणून मी वहीवर विश्वास ठेवला.

आज सकाळी स्वतः गेलो. काचा नव्याकोऱ्या, आणि बोटभर भेगेत आता मूठ जात होती. एका पट्टीच्या सिमेंटला नख लावलं, ते आत रुतलं. झुडपामागे फुटक्या काचांचा ढीग होता. बापू थापी घेऊन उभाच होता.

"किती वेळा बदलल्यास?"

"अकरा. तू चार अंश चोरलेस तेव्हा मी काही विचारलं?"

खाली खाणीत शंभरेक माणसं होती. फोन लावला तर ती वर येणार, चौकशी होणार, आणि नवी कड आमच्या आळीतून जाणार. फोन न लावायला एखादं तरी कारण सापडावं म्हणून मी अक्षरशः तडफडत होतो. बापूनं माझं मनगट धरलं. आणखी महिनाभर थांब, म्हणाला.

तेवढ्यात पलीकडची, परवा लावलेली काच कट्‌कन तुटली. दोघांनीही पाहिलं.

बापूनं हात सोडला. "आपला धाकटा ओदेलू खाली आहे. लाव फोन."

भोंगा वाजला. माणसं वर येऊ लागली, ओदेलूही आला. मग बापूनं विचारलं, पस्तीस मीटर म्हणजे किती पावलं. पन्नासेक, मी म्हणालो.

तो काठापासून मोजत निघाला. चाळिसाव्या पावलाला आमचा उंबरठा आला. तो थांबला नाही. पन्नासावं पाऊल चुलीपाशी पडलं, आणि तो तिथेच खाली बसला.