‘अपू.’ लिहिलेली पुस्तके

बाबा गेल्यावर पाचव्या आठवड्यात आम्ही दोघे भावंडे दुकान रिकामे करायला बसलो. दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. जुनी पुस्तके घ्यायची, झाडायची, सुटलेली पाने चिकटवायची आणि विकायची, हा बाबांचा चाळीस वर्षांचा उद्योग. जागा महिनाअखेर सोडायची होती. दादाने वजनदारांना बोलावले.

वजनदार हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते जुनी पुस्तके गठ्ठ्यांनी, वजनावर उचलतात आणि स्वतःही भरभक्कम आहेत, म्हणून बाबांनीच त्यांना हे नाव ठेवले होते. बाजाराने ते उचलून धरले. माणूस वाईट नाही. घासाघीस करतो, पण थापा मारत नाही.

दोन तासांत त्यांनी दोन ढीग केले. भिंतीपाशी विकण्यासारखी पुस्तके, दाराशी रद्दी. दाराशी चाललेल्या पुस्तकांत बाबांच्या काचेच्या कपाटातली पुस्तके दिसली आणि मी थांबले. त्या कपाटाला बाबा कुणाला हात लावू देत नसत.

“काका, ही रद्दीत का?”

त्यांनी एक पुस्तक उचलून शेवटचे कोरे पान माझ्यासमोर धरले. खालच्या कोपऱ्यात बाबांच्या पेन्सिलीची दोन अक्षरे आणि एक टिंब: अपू.

“अपूर्ण,” वजनदार म्हणाले. “पानं गेलेली. एकतीसच्या एकतीस पुस्तकांवर हेच लिहिलंय. तुझ्या बाबांनीच निकाल लावून ठेवलाय, मी काय बोलू?”

दादाला धुळीने शिंका येत होत्या. दोन शिंकांच्या मधे तो म्हणाला, “मग जाऊ दे ना. फाटकी पुस्तकं ठेवून काय करायचं?”

“एक सांगू?” वजनदारांनी आवाज खाली आणला. “राग मानू नकोस, पोरी. शेवटची दोन वर्षं त्यांची नजर राहिली नव्हती. ही सगळी तेव्हाचीच खरेदी. लोक काहीबाही गळ्यात मारायचे. मागाहून लक्षात आलं की लिहायचे अपूर्ण, आणि कुणाला दिसू नये म्हणून कपाटात. बाजारात बोलतात सगळे. मीच गप्प बसवतो.”

मला राग आला नाही. भीती वाटली. त्या दोन वर्षांत मीही बाबांना विचारले होते, नीट दिसतंय ना? आणि त्यांनी विषय बदलला होता. एकतीस पुस्तके रद्दीत गेली असती तर मी ते सोसले असते. पण त्यांच्यामागून एक निकालही बाजारात गेला असता, की बाबांना शेवटी पुस्तक कळेनासे झाले होते. आणि तो मलाही मानावा लागला असता.

“मोजून बघते,” मी म्हणाले.

“एकतीस? संध्याकाळ होईल.”

“होऊ दे. तुम्ही चहा घ्या.”

जुन्या पुस्तकाची पाने एकेक करून मोजावी लागत नाहीत. सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवून पुस्तक होते आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. ते आकडे ओळीने लागले, की फर्म्याच्या आत एखादे पान फाडलेले नाही ना, एवढेच अंगठ्याने चाचपायचे. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी हे शिकवले होते.

पहिले पुस्तक घड्याळदुरुस्तीचे. चौदा फर्मे, सगळे जागेवर. दुसरे प्रवासवर्णन; त्यातला घडीचा नकाशासुद्धा शाबूत. तिसरे पूर्ण. चौथेही. पाचव्याला दादा शेजारी येऊन बसला आणि आकडे मोठ्याने वाचू लागला. दहाव्याला वजनदारांनी कप खाली ठेवून चष्मा लावला.

“हे सगळं पूर्णच आहे,” दादा म्हणाला. “मग बाबांनी अपूर्ण का लिहिलं?”

मी उठून रद्दीतले एक साधे पुस्तक आणले आणि त्याचे शेवटचे पान उघडले. त्याच पेन्सिलीने लिहिले होते: ‘पान ६७ व ६८ नाही. पाठीचा पुठ्ठा कसरीने खाल्ला आहे. विकताना सांगावे.’

“दोष लिहिताना बाबांनी कधी हात आखडता घेतला नाही, काका. पानं गेली असती तर कुठली गेली तेही लिहिलं असतं. आखडता हात असायचा तो कौतुकाला. हे अपूर्ण नाही. अपूर्व आहे.”

वजनदारांनी ते पान डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले.

“आपल्या दोघांना नाही कधी म्हणाले अपूर्व,” दादा म्हणाला.

“पुस्तकांना तरी कुठे म्हणाले? टिंब देऊन थांबले.”

दादा हसला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

सत्ताविसावे पुस्तक पक्ष्यांचे होते. नवी, देखणी बांधणी. आठव्या फर्म्यानंतर दहावा आला. मी परत मोजले. नववा नव्हताच. कुणीतरी तो गाळून पुस्तक इतके सफाईने बांधले होते की बाहेरून कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या पानावर मात्र तेच: अपू.

दादा आणि वजनदार एव्हाना नव्या भावाची घासाघीस करत होते. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. मी पुस्तक मिटून ढिगात सरकवू शकले असते.

“काका, यात नववा फर्मा नाही.”

वजनदारांनी ते घेऊन चाळले. “सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“बाबांनाही कळलं नाही.”

उरलेली चार पूर्ण निघाली. तीस पुस्तके वजनदारांनी तागडीला न लावता एकेक हातात घेऊन, एकेकाचा भाव सांगून घेतली. भाव चोख होता. पक्ष्यांचे पुस्तक त्यांनी विचारले नाही आणि मी दिले नाही. ते माझ्या पिशवीत गेले.

गठ्ठे बांधून झाल्यावर ते दारात घुटमळले.

“बाजारात काय सांगू?”

“एकतिसांत एक चुकलं, असं सांगा.”

“मग लोक मला विचारतील, तुमची किती चुकली.”

“तेही सांगा,” मी म्हणाले आणि गठ्ठ्याचे दुसरे टोक उचलले.