विजूचे बांधलेले हात

फर्स्ट शिफ्ट करून स्वप्नाली कुरुळीच्या खोलीवर आली, तर विजूचे दोन्ही हात पंच्यानं बांधलेले. चार वर्षांची पोर, धडपडतही नव्हती. नुसती आईकडे टुकुटुकु बघत होती.

दीड वर्षाची होईतो हेच हात टाळ्या पिटायचे, वाटीतला भात वेचायचे. मग एकेक खेळ हातांतून गळाला, एकेक बोल ओठांतून. उरलं ते दिवसभर हातावर हात चोळणं, जात्याला उसंत नसावी तसं.

"कुणी बांधले?"

"म्या," सासू कुसुमताई म्हणाल्या. "त्याबिगर खोड मोडत न्हाई. पोटुशी असून गिऱ्हाणात कंपनीत कात्रीनं वायरी कापत बसलीस, तवा कुटं गेलती अक्कल?"

अडीच वर्षं हेच. पिठाच्या गिरणीत हेच, हळदीकुंकवाला हेच. लाइनवर खराब माल निघाला की सुपरवायझर आधी विचारतो, शिफ्ट कुणाची होती? घरातही तेच. आणि शिफ्ट कायम तिचीच!

नवरा, धनेश, मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. परवा डॉक्टरीणबाईंसमोर दोघं शेजारी बसले होते. बाईंनी कागदावर मेंदूची पेशी काढली, मधोमध केंद्रक, त्यात एक प्रथिन. मेंदू वाढताना कोणत्या जनुकानं कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे ते प्रथिन सांभाळतं. विजूत त्याच्या आराखड्यातच एक अक्षर चुकलंय. आईबापांच्या रक्तात ती चूक नाही, नव्यानं घडली. "बहुतेकदा बापाच्या बीजात घडते," बाई म्हणाल्या, "पण दोष कुणाचाच नाही."

"अहो, तुम्हीपण ऐकलंत ना? सांगा की आईंना."

"जाऊ दे ना. कशाला वाढवतीस?"

"बापाचं नाव निघालं तेव्हा दोष कुणाचाच नाही, हे लगेच पटलं तुम्हाला. माझ्या कात्रीवर सगळे खापर फोडत होते तेव्हा का नाही पटलं?"

"बापाचं? काय म्हणतीय ही, धनू?" कुसुमताईंनी विचारलं.

धनेश मोबाइलवर बोट फिरवत राहिला.

स्वप्नालीनं फळीवरची कात्री घेतली.

"अगं, पोरीजवळ कात्री..." कुसुमताई ओरडल्या.

"व्हय, कात्रीच," ती म्हणाली आणि पंचा कचकन कापला.

मनगटांवर लाल वळ उठले होते. हात सुटले अन् पुन्हा एकमेकांना चोळू लागले. स्वप्नालीनं ते आपल्या ओंजळीत धरले, अडवले नाहीत, नुसते धरले.

"डॉक्टरीणबाईंनी दिलेली फाइल काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंना वाचून दाखवा."

धनेशनं फाइल उघडली. पहिली ओळ त्यानं तोंडातल्या तोंडात वाचली.

"मोठ्यानं," स्वप्नाली म्हणाली.