मागे बसून पाहिलेली गाडी

हरी गवसला बायको गेल्याचं कोणी तोंडाने सांगितलं नाही. त्याला गाडीत मागे बसायला सांगितलं, तेवढ्यावरून तो समजला.

त्या दिवशी सकाळी तो सावंतवाडीला भाडं घेऊन गेला होता. दुपारी परत येऊन डिचोलीच्या टॅक्सी स्टँडवर त्याने गाडी लावली. एरवी त्याला शिव्या घालून जागा करून देणारे ड्रायव्हर गप्प उभे होते. गोवा राज्य होऊन थोडेच महिने झाले होते आणि स्टँडवर रोज कोकणी की मराठी यावरून इतका आरडाओरडा चालायचा, की गिऱ्हाईक बिचकून बसने जायचं. त्या दिवशी सगळ्यांचीच वाचा बसली होती. शेवटी गोकुळदास पुढे आला. हरीच्या शेजारी रोज गाडी लावणारा, जुना दोस्त. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "उतर. मागे बस. मी चालवतंय."

"कित्याक?"

"बस म्हणतंय मा."

ड्रायव्हरला मागे दोनच वेळा बसवतात. एक तर तो प्यालेला असेल तेव्हा, नाहीतर त्याने स्टिअरिंग धरू नये असं काही घरी घडलेलं असेल तेव्हा. हरी पीत नव्हता. तो मागे बसला. डिचोलीहून सर्वणला त्याच्या घरी पोचेपर्यंत त्याला फक्त गोकुळदासची मान दिसत होती. तिच्यावर घाम आला होता. घरापुढे माणसं जमलेली होती. मंजुळा सकाळी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली होती, ती उठलीच नाही.

त्यानंतर हरीने गाडी हातात घेतली नाही. ती गाडी त्याची नव्हतीच. मालकाने बाराव्यापर्यंत वाट पाहिली, मग दुसरा ड्रायव्हर बसवला. हरीला त्याचा राग आला नाही. घरामागच्या माडांना पाणी घालावं, पेज करून खावी, शिरगावला दिलेली मुलगी तारा आठवड्याने येईल तिची वाट पाहावी, असे त्याचे दिवस चालले होते. माणूस रडत नव्हता, पण कामालाही लागत नव्हता.

मंजुळा होती तेव्हा डिचोली ते पेडणे, जुनी गाडी घ्यायची झाली की लोक हरीला बोलवायचे. "हरीन हो म्हटल्याशिवाय गाडी घेव नये," असं स्टँडवर म्हणत. हरी यायचा तो मंजुळाला घेऊन. लोकांना वाटायचं, नवरा-बायकोला फिरायची हौस आहे. खरी गोष्ट अशी होती की गाडीची अर्धी परीक्षा मंजुळा करायची.

हरी पुढे बसून चालवायचा. क्लच, ब्रेक, गिअर, इंजिनाचा आवाज हे सगळं त्याचं. मंजुळा मागे डाव्या बाजूला बसायची. या जुन्या मोठ्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं आणि चालतात त्या मागच्या चाकांवर. मधे लांब लोखंडी दांडा फिरतो, त्याच्यावर गाडीच्या तळाला उंचवटा असतो. मंजुळा चपला काढायची आणि अनवाणी तळपाय त्या उंचवट्यावर ठेवायची. मांडीवर पानाचा डबा घेऊन अडकित्त्याने सुपारी कातरत राहायची. रस्ता खराब असूनही सुपारी बारीक कातरली गेली, तर मागच्या स्प्रिंगचे पाटे चांगले. तळपायाला मुंग्या आल्या तर दांड्यात खोट. उतरल्यावर ती फक्त एवढंच सांगायची, "घेवा," नाहीतर "नको." हरी ते मालकाला आपलं मत म्हणून सांगायचा. तिने कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली होती, "आपली गाडी घेशात तेव्हा मी पुढे बसान. तेव्हा कोण मागे बसतलो ता बघा."

आपली गाडी घेणं झालं नाही. ताराचं लग्न झालं, घरावर कौलं घातली, आणि वर्षं गेली.

शिमगा झाल्यावर एक दिवस गोकुळदास सर्वणला आला. अंगणात बसून तो दोन पेले पाणी प्याला आणि त्याने विषयालाच हात घातला.

"मयेच्या सुशीलाबाय गाडी विकतत. अँबॅसडर. घोवाची. तो गेल्यापासून मांगरात उभी आसा."

"मगे?"

"मगे काय? तू घे. बँक कर्ज देता, मी जामीन रवतंय. स्टँडवर तुझी जागा अजून आम्ही सांभाळून ठेवली हा. पण पेडण्याचो संदीप ती जागा मागता. पुढच्या सोमवारपर्यंत तू गाडी आणलंस तर तुझी, नायतर तेका देवची पडतली. मी सगळ्यांक किती दिवस थांबवू?"

 गोकुळदास उठताना म्हणाला, "माड काय, तुझ्याशिवाय पण वाढतत."

दुसऱ्या दिवशी दोघं मयेला गेले. सुशीलाबाई साठीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा. त्यांनी मांगराचं, घरामागच्या खोपटाचं, दार ढकललं. आत पांढरी अँबॅसडर उभी होती. अंगावर कोंबड्यांची घाण, पण टायर फुगलेले. शेजारचा माणूस दर आठवड्याला येऊन चालू करून जातो, असं बाईंनी सांगितलं.

"ही माझी सवत," त्या म्हणाल्या. "आमचे हे मला कधी नवं लुगडं आणायला विसरले असतील, पण हिचं तेल विसरले नाहीत. घेऊन जा बाबा हिला, म्हणजे माझा संसार सुरू होईल."

"आता?" गोकुळदास हसला.

"आता नाही तर कधी? तोंड बघ तुझं. गाडी बघायला आलास ना, गाडी बघ."

हरीने गाडी बघायला सुरुवात केली. खूप दिवसांनी त्याच्या हातांना हे काम मिळत होतं. त्याने प्रत्येक कोपऱ्यावर भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली आणि थांबली. ऑइलची पट्टी काढून बोटावर तेल घासलं, वास घेतला. जमिनीवर आडवा होऊन मागच्या चाकांमधली पेटी पाहिली. तिथे तेल गळलेलं नव्हतं. इंजिन चालू केलं, धूर पाहिला. सगळं ठीक होतं. डिकी तेवढी उघडेना. किल्ली कुठे आहे ते बाईंना ठाऊक नव्हतं. "त्यांनी कुठे ठेवली देव जाणे. तिच्यात माझं काही नाही, मी कधी विचारलं नाही."

मग हरी स्टिअरिंगवर बसला, गोकुळदास शेजारी. मयेच्या तळ्याच्या कडेने गाडी निघाली. हात विसरले नव्हते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता. हरीच्या मनात आलं, ही आपली गाडी. इतक्यात वळण आलं आणि मागून आवाज आला. धप.

पुढच्या वळणावर पुन्हा धप. ब्रेक दाबला की धप, आणि गाडी मागून जरा डुलायची. हरीचा चेहरा पडला. खाणीच्या लाल रस्त्याला लागल्यावर त्याने मुद्दाम दोन वळणं घेतली. आवाज येतच होता.

"डिफरन्शल गेलो," तो म्हणाला. "मागची पेटीच गेली. नायतर पाटे सुटले. नको ही."

"नक्की?"

"कानाक ऐकाक येता ना?"

"ऐकाक येता. पण तू आपला अर्धाच बघितलंस."

"म्हणजे?"

गोकुळदासने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मागे कोण बसलेला? सगळ्या डिचोलीक वाटता हरी गाडी पारखता. माका म्हायत आसा कोण पारखी होती. वैनी मागे बसल्याशिवाय तू आजपर्यंत एका तरी गाडीक नको म्हटलंस?"

हरीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. समोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक गेले, लाल धूळ काचेवर बसली. गाडी मंजुळा पारखायची हे गोकुळदासला ठाऊक होतं, आणि त्याने आजवर कोणाकडे ब्र काढला नव्हता.

"मी मागे बसूचंय नाय," हरी म्हणाला.

गोकुळदासने कारण विचारलं नाही. कारण त्याला माहीत होतं, त्या दिवशी गाडी त्यानेच चालवली होती. तो नुसता म्हणाला, "बरा. मगे बाईक सांगूया नको म्हणून. संदीपाक पण सांगतंय."

 हरीला नको म्हणणं सोपं होतं. घरी जायचं, माडांना पाणी घालायचं. पण गाडी चांगली असेल आणि आपण नुसत्या भीतीने नको म्हटलं असेल, तर? मंजुळाने असं कधी केलं नव्हतं. तिचं नको म्हणजे गाडीचं नको असायचं.

तो उतरला. गाडीला वळसा घालून आला, मागचं डावं दार उघडलं आणि आत बसला. गोकुळदास सरकून स्टिअरिंगवर गेला. त्याने गाडी चालू केली.

पुन्हा तीच मान समोर होती. हरीने आधी डोळे मिटून घेतले. मग त्याला वाटलं, डोळे मिटून गाडी कशी कळणार? त्याने चपला काढल्या आणि तळपाय मधल्या उंचवट्यावर ठेवले. पत्रा कोमट होता. पायाखाली दांडा फिरत होता, एकसारखा, कुठे अडखळत नव्हता. त्याला पहिल्यांदा कळलं की मंजुळाला इतकी वर्षं काय जाणवत होतं. मागून गाडी वेगळीच होती. पुढे माणूस रस्त्याशी भांडत असतो, इथे रस्ता आपला आपण मागे जात होता. खड्डा आला की सीट वर उचलायची आणि हळू खाली ठेवायची. या सीटवर सुपारी कातरता आली असती.

वळण आलं. धप.

"परत घे," हरी म्हणाला.

गोकुळदासने वळण पुन्हा घेतलं. धप.

"परत."

"भाडा देतलस काय?"

"घे रे!"

तिसऱ्या वेळी हरी पाठ टेकून बसला आणि त्याला कळलं. आवाज पायाला लागतच नव्हता. पायाखालचा दांडा तसाच गुळगुळीत फिरत होता. धक्का पाठीला लागत होता, खांद्यांच्या मधे, सीटच्या मागे. पेटीत खोट असती तर धक्का खालून आला असता.

"डिकीत काय तरी आसा," तो म्हणाला आणि हसायला लागला. "गोकळ्या, डिकीत काय तरी लोळता!"

"आणि तू म्हणतलंस डिफरन्शल!"

"म्हटलंय. मी पुढे बसलेलंय."

परत आल्यावर सुशीलाबाईंना किल्ली शोधायला लावली. ती नवऱ्याच्या तपकिरीच्या डबीत निघाली. डिकी उघडली तर आत गोणपाटात गुंडाळलेले चिरे, घराला लावतात तसलेच जांभ्याचे. बांधायची दोरी कुजून तुटली होती आणि वळणावर ते इकडून तिकडे जात होते.

बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे देवा. हो. पावसात शिरगावच्या चढावर मागची चाकं नुसती फिरायची चिखलात. हे एकटे असायचे, मागे भार नाही. मी म्हटलं, मला बसवून न्या मागे, माझा भार काय कमी आहे? तर म्हणाले, तू बोलतेस फार. आणि चिरे घातले."

तिघंही हसले. बाई हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या आणि मग पुसतच राहिल्या. हरीने चिरे एकेक करून उचलून बाहेर ठेवले. अखेरच्या चिऱ्याला हात घातला तेव्हा बाई म्हणाल्या, "गाडी विकतेय, चिरे नाही. न्हाणीपाशी ठेव ते. कपडे धुवायला होतील."

हरीने ते न्हाणीपाशी नेऊन लावले. मग तिथेच बोलणं झालं आणि गाडीचा व्यवहार ठरला. सर्वणला परतताना गोकुळदासची गाडी हरीने चालवली. गोकुळदास मुद्दाम मागे बसला आणि सगळा रस्ताभर, "ड्रायव्हर, जरा सावकाश," असं म्हणत राहिला.

कागदपत्रांना जरा वेळ लागला, पण रविवारी गाडी हरीच्या अंगणात होती. तारा शिरगावहून आली. तिने चाकापासून टपापर्यंत गाडी धुतली, कोंबड्यांची घाण खरवडून काढली. सोमवारी सकाळी गोकुळदास झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आला. हरी दारात उभा राहिला.

"ह्या आता नको," तो म्हणाला. "तिका वर्स नाय झाला."

"मगे गाडी कशी घेतलंस वर्साच्या आत? लोक इचारतले."

"इचारूदेत. गाडी पोटासाठी घेतलंय. सण नाय तो."

ताराने बापाकडे पाहिलं. हार तिने घेतला आणि आत आईच्या फोटोला घातला. नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवला. गाडीला हळद-कुंकू लागलं नाही, चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. हरीने तशीच ती बाहेर काढली. स्टँडवर गेल्यावर ड्रायव्हरांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या, अँबॅसडरभोवती फिरून सगळ्यांनी तिच्यात दोष काढले, आणि कोकणी की मराठी ते भांडण पुन्हा सुरू झालं. दुपारच्या आत हरीला अस्नोड्याचं भाडं मिळालं. मागे एक बाई लेकराला घेऊन बसली होती, पोर वाटेत झोपलं.

आता रोज तो सकाळी निघतो. कधी स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की मागच्या सीटवर जाऊन बसतो, चपला काढून. गोकुळदास त्याला चिडवतो, मग तोही येऊन शेजारी बसतो. गाडी चांगली आहे. धंदा बरा चालला आहे.

वर्षश्राद्ध व्हायला अजून अवकाश आहे. गाडीची पूजा व्हायची राहिली आहे.