दोनशेच्या वर

लालबागच्या त्या अख्ख्या चाळीत फोनोग्राफ एकट्या गणपत साचेवाल्याकडे. ताटाएवढा पितळी कर्णा, आणि मेणाच्या नळीवर माणसाचा आवाज धरून ठेवायची सोय. एका नळीवर त्याची बायको शेवंती होती, जात्यावरच्या ओव्या गाणारी. ती गेली तेव्हा शैला दीड वर्षाची. आई म्हणजे तिला ती नळीच ठाऊक.

आता शैला अकरावीत, मॅट्रिकच्या वर्षाला, कॉलेजात जाणारच म्हणून हटून बसलेली. गणपतने फोनोग्राफ लिलावात नोंदवला. "नळी नाही द्यायची," एवढंच बोलला.

यादी वाचून गिरगावचे शरच्चंद्र मास्तर चाळ शोधत आले. त्यांना जुने फोनोग्राफ जमवायचा नाद. "गणपतराव, दोनशेपर्यंत मी जाईन. एवढं कोणी देत नाही. मग दर रविवारी नळी घेऊन या, बसून ऐका." गणपत निर्धास्त झाला.

खंडेनवमीला गिरणीत कापड विणायचे साचे घासूनपुसून पुजतात, मग आपलंच यंत्र पारोसं का जावं? शैलाने चिंच-राखेने कर्णा असा लखलखवला, की शेजारची कांता त्यात बघून कुंकू लावून गेली.

लिलावात दोघेच उरले, मास्तर आणि एक जाडे शेठ. शंभर. दीडशे. दर दहाला शैला बापाच्या मांडीवर चापट मारी. "बाबा, फी निघाली. आता पुस्तकं."

"दोनशे," मास्तर म्हणाले.

"दोनशे दहा," शेठ.

मास्तरांनी हात खाली घेतला. शैला हसत वळली. बाबा मास्तरांच्या त्या हाताकडेच बघत होते.

गणपत शेठजवळ गेला. "रविवारी येऊन ऐकलं तर चालेल का?"

"ऐकायचं काय त्यात? बंगळूरला हॉटेल आहे आपलं, दारात ठेवणार. चमकतंय बघा कसं, म्हणून तर घेतलं. बाकी सगळा माल काळाठिक्कर."

शैलाने हात पाठीमागे नेले.

परतताना भिंतीभिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' रंगवलेलं. गणपत मधेच म्हणे, "चांगला भाव आला हो." असं तीनदा म्हणाला.

घरी रिकाम्या फळीवर तिने नळीचा डबा ठेवला.

"तुला येतात ना गं त्या ओव्या?" गणपतने विचारलं.

सगळ्या पाठ होत्या. तिने पहिली ओवी म्हटली, दुसरी म्हटली आणि थांबली. नळीत इथे आई हसायची.

गणपतही थांबून राहिला.