भिंतीवरचं लग्न

माझा धंदा गच्च्यांची गळती थांबवण्याचा. त्यामुळे शेवाळ म्हणजे माझा जन्माचा वैरी. भिंतीवर हिरवं दिसलं की समजायचं, आत पाणी मुरतंय. आणि माझ्याच घराच्या मागच्या भिंतीवर हे परातीएवढं शेवाळ! गिऱ्हाइकांनी पाहिलं तर काय म्हणतील? तारेचा ब्रश घेऊन मी दोनदा निघालो, पण दोन्ही वेळा सासरे आडवे आले.

सासरे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सासूबाई गेल्या आणि बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं. आल्यापासून ते खुर्चीत बसून असायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मग एक दिवस भिंग घेऊन मागे गेले, ते जेवायच्या हाकेलाही आले नाहीत. आले तेव्हा ताटावर बसता बसता म्हणाले, "सगळ्या माद्याच आहेत."

"कोण?" मी दचकून विचारलं.

"ते भिंतीवरचं मॉस. ह्या जातीत नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. आपल्याकडे एकही नर नाही. बिचाऱ्या नुसत्या पसरतायत, पण मूलबाळ नाही."

"बरंच आहे की. वंश आपोआप बुडेल," मी म्हणालो. बायकोने डोळे वटारले. मी निमूट जेवू लागलो.

भांडी आवरताना ती म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा आज पहिल्यांदा एवढं बोलले. त्या शेवाळाला हात लावलात ना, तर याद राखा."

मग सासऱ्यांनी वरसंशोधन सुरू केलं. चार गल्ल्या पालथ्या घालून लाँड्रीवाल्याच्या मोरीपाशी त्यांना नर सापडला. साबणाच्या डबीत घालून तो घरी आणला आणि ओल्या मातीने माद्यांच्या वरच्या अंगाला भिंतीवर चिकटवला. भिंगातून मलाही दाखवला. प्रत्येक रोपाच्या टोकाला इवलीशी वाटी होती.

"ह्या वाटीतून नराच्या पेशी निघतात. दोन शेपट्या असतात त्यांना. पण पोहल्याशिवाय मादीपर्यंत पोचता येत नाही. पाणी सलग हवं, मध्ये तुटलं की संपलं."

"आणि मूल झाल्यावर?" बायकोने विचारलं.

"ते आईच्या डोक्यावरच उभं राहतं. लांब देठ, वर टोपी घातलेली कुपी. जन्मभर तिथेच राहून तिचंच खातं."

"म्हणजे तुमच्या धाकट्या भावासारखं," बायको माझ्याकडे बघून म्हणाली.

सासरे इस्त्रीच्या बाटलीने दिवसभर फवारे मारायचे. पण त्या भिंतीवर ऊन असं की पाणी टेकायच्या आत सुकायचं. नवरा वर, नवऱ्या खाली आणि मध्ये कोरडं सिमेंट.

इकडे मला शाळेच्या गच्चीचं काम मिळायची लक्षणं होती. मुख्याध्यापिकाबाई खमक्या. "सुट्टी लागली की आधी तुमच्या स्वतःच्या घराची गच्ची बघायला येईन," म्हणाल्या. मी घरी जाहीर केलं, "शाळेला सुट्टी लागेपर्यंत मुदत. मग बाबा, ब्रश." सासरे बाटली भरून घेऊन पुन्हा मागे गेले. मला वाईट वाटलं, पण धंदा म्हणजे धंदा.

गच्ची मी नव्याने केली. काम झालं की आमच्यात पाणी कोंडून बघतात. खाली जायची तोंडं बंद करायची, पायाचा घोटा बुडेल एवढं पाणी भरायचं आणि काही दिवस तसंच ठेवायचं. "एक थेंब जरी खाली आला," मी छाती ठोकून म्हणालो, "तर मिशी उतरवीन!"

खोल्यांची छतं ठणठणीत कोरडी. मागची भिंत बघायला गेलो, तर सासरे तिला पाठ लावून उभे.

"बाबा, भिंत कशी आहे?"

"उत्तम! अगदी उत्तम!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. सासऱ्याकडून एवढं कौतुक! मी खूश होऊन तसाच परतलो.

पुढे कामाच्या धबडग्यात मागे जाणं झालंच नाही. शाळेला सुट्टी लागली. त्या सकाळी मी ब्रश घेऊन निघणार, तोच बाई ठरल्या वेळेआधीच दारात! आणि गच्चीचा जिना दाखवण्याआधीच सासरे त्यांना थेट भिंतीपाशी घेऊन गेले.

"पाहा बाई, पाहा! मुलं झाली!"

खरंच, शेवाळावर तपकिरी देठांची दाटी झाली होती. प्रत्येकावर टोपीवाली कुपी.

"पण सगळीकडे नाहीत हं," सासरे जुन्या सवयीने शिकवू लागले. "फक्त ह्या एवढ्या पट्ट्यात. कारण पाणी इथूनच सलग वाहिलं."

"पाणी आलं कुठून?" बाईंनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. पट्टा सरळ गच्चीच्या कठड्याच्या जोडापर्यंत जात होता. सासऱ्यांनी तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी ओरडलोच.

"लग्न लागत होतं हो जावईबापू," ते खाली बघत म्हणाले. "मध्येच कसं थांबवायचं?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "माझ्याकडे काम मागायला आलेल्यांपैकी एकाचीही गच्ची, त्याच्या म्हणण्यानुसार, कधी गळलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमची गळते हे मी निदान डोळ्यांनी पाहिलं. हा जोड नीट करा आणि आमचं कामही तुम्हीच करा. फक्त पाणी भराल तेव्हा भिंत बघायला ह्यांना ठेवू नका."

मिशी उतरवली. आरसा बायकोनेच धरला, तोही हसू दाबत. जोड फोडून पुन्हा भरला आणि परत पाणी कोंडलं. भिंत ह्या वेळी खडखडीत कोरडी राहिली. "छान झालं काम," सासरे म्हणाले आणि आत जाऊन खुर्चीत बसले. चहाची वेळ झाली, टळली. त्यांनी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन गच्चीवर चढलो आणि कठड्यावरून मागच्या भिंतीवर तांब्याने पाणी सोडायला लागलो. शेजारचे खिडकीतून ओरडले, "काय हो, गळती सापडत नाही का?"

"सापडली," मी म्हणालो आणि ओतत राहिलो.

खाली दार वाजलं. सासरे भिंग घेऊन बाहेर आले होते.

"हळू ओता जावईबापू! धार तुटू देऊ नका!" मग आत वळून ते म्हणाले, "अगं, चहा टाक. दोन कप."