लाल वल्हे

मी एक जुने वल्हे आहे. खरे तर वल्ह्याचे नुसते पाते. मित्रांनो, कॅनडातल्या थंडर बे गावाजवळच्या तळ्यात खडकावर आपटून माझा दांडा मोडला. आयली लेहतोनेन या परिचारिकेने मला शेगडीत घातले नाही. लाल रंग चढवून ती मला परिचारिकांच्या वार्षिक संमेलनात घेऊन गेली.

आयली तिथली स्वयंसेविका. खुर्च्या मांडायच्या, कॉफी भरायची आणि भाषणे सुरू झाली की सभागृहात मागे उभे राहून वेळ सांभाळायची. बोलणाऱ्याची वेळ संपली की ती मला उंच धरी.

"आयलीबाई, मारता की काय?" एकदा एका डॉक्टरांनी मंचावरूनच विचारले.

"उतरला नाहीत तर बघा! पुढची पोरगी आठवडाभर भाषण पाठ करतेय."

सभागृह हसले. डॉक्टर उतरले. मला फार अभिमान वाटला.

मागच्या हिवाळ्यात आयली गेली. मी तळघरात, बर्फाच्या फावड्यामागे पडून राहिले. रंगाचे पोपडे सुटले. संमेलन जवळ आले तेव्हा तिची मुलगी काट्री खाली आली. तिने मला पुसले, रंगवले आणि ती म्हणाली, "चल. आईची जागा रिकामी ठेवायची नाही."

संमेलनाच्या शेवटच्या तासाला अध्यक्षा ग्वेनबाई आयलीविषयी बोलू लागल्या. सगळे डोळे टिपत होते. मंचाच्या पायरीशी मात्र रोवेना उभी होती. दूर उत्तरेच्या वस्तीतून आलेली, पहिल्यांदाच बोलणारी. तिच्यानंतर सभागृह रिकामे करायचे होते. ग्वेनबाईंची वेळ संपली. आता त्या रोवेनाची खात होत्या.

काट्रीने मला उचलले आणि पुन्हा खाली घेतले.

"राहू दे गं," ध्वनिक्षेपक सांभाळणारा डग कुजबुजला. "तुझ्या आईबद्दल बोलतायत. ऐक की."

"आईनं ऐकून घेतलं नसतं," काट्री म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिने मला उंच धरले.

ग्वेनबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. ओल्या डोळ्यांनी हसल्या. "बघा, आयली अजून बोलू देत नाही मला!" आणि खाली उतरल्या.

रोवेना वर गेली. आधी तिचा आवाज चिरकला. मग हिमवादळात रुग्णांना शहरात नेणारे विमान आले नाही आणि बाळंतीण तिच्या एकटीच्या हाती होती, ती हकीकत तिने सांगितली. पूर्ण सांगितली. काट्रीने मला खाली घेतले होते. तिची नजर घड्याळावरून हलली नाही.

मित्रांनो, आता मला काचेच्या कपाटात ठेवायचे म्हणतात. तसे करू नका. दरवर्षी रंगाचा एक हात द्या, आणि मला धरायला कोणीतरी मागे उभे राहा.